चक्कर, भोवळ की अंधारी?

प्रश्न असा आला आहे: १३ वर्षांची मुलगी उठून उभी राहिली की तिला त्रास होतो, छाती धडधडते, आडवी झाली की बरं वाटतं. आई म्हणते चक्कर, आजी म्हणते घेरी, आणि डॉक्टर विचारतात, "गरगरतं, की अंधारी येते?" या शब्दांत फरक आहे का?

आहे, आणि इथे तो जपायलाच हवा. 'चक्कर' फार ऐसपैस शब्द. खोली फिरल्यासारखी वाटते तीही चक्कर आणि शुद्ध हरपू लागते तीही. पहिल्या तक्रारीत डॉक्टर आधी अंतर्कर्णाचा विचार करतात, दुसरीत नाडी आणि रक्तदाब बघतात.

'भोवळ' ही भोवणे, भोवरा यांच्याच कुळातली, म्हणजे मुळात गरगरणं. पण आज 'भोवळ येऊन पडली' म्हटलं की शुद्ध हरपली असंच आपण समजतो. घेरीचंही तेच. तेव्हा इथे व्युत्पत्तीवर विसंबू नये.

मला सर्वांत नेमका वाटतो तो 'अंधारी'. उभं राहताच रक्त पायांकडे उतरतं. तेव्हा स्वायत्त चेतासंस्था आपल्या नकळत रक्तवाहिन्या आवळते, हृदयाचे ठोके थोडे वाढवते. हे जमलं नाही तर मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला रक्त कमी पडतं, नजर कडांकडून काळवंडत येते. पॉट्स नावाच्या विकारात रक्तदाब फारसा उतरत नाही, पण उभं राहिल्यापासून १० मिनिटांत ठोके मिनिटाला किमान ४० ने वाढतात. हा निकष १२ ते १९ वयाचा. मोठ्यांसाठी ३० चा.

लहानग्यांकडे 'अंधारी' शब्द नसतो. ती म्हणतात, "पोटात कसंतरी होतंय", "आवाज लांब गेला". हे जसंच्या तसं सांगावं, आपण त्याची 'चक्कर' करू नये. 'फीट' तर फारच जपून वापरावा. साध्या मूर्च्छेतही हातपाय क्षणभर झटकतात, आणि त्या एका शब्दाने तपासणी भलतीकडे जाऊ शकते. धावताखेळताना मूल शुद्ध हरपून पडलं असेल तर ते मात्र सगळ्यात आधी सांगा. तिथे हृदयाची तपासणी लगेच व्हायला हवी.

तुमच्या मुलीबद्दल मी असं सांगेन: "उभं राहिलं की अंधारी येते, छाती धडधडते, आडवं झालं की थांबते. गरगरत नाही." शेवटचे दोन शब्द मात्र आधी तिला विचारूनच.