फ्लूनंतर आईचं विसरणं वाढलंय, व्हायरसचा मेंदूवर परिणाम होतो का, की मनाचे खेळ?

होतो. ‘मनाचे खेळ’ लिहिलंत म्हणून उत्तर देतेय, नाहीतर मी इथे नुसती वाचून जाते.

२०२१ च्या लाटेत मला कोविड झाला, ॲडमिट वगैरे नाही, कोथरूडला घरीच. ताप उतरला पण वास गेला तो गेलाच, आणि काही महिन्यांनी आला तो भलताच. मोहरीची फोडणी टाकली की जळक्या रबराचा वास, कांदा परतायला घेतला की मी गॅलरीत. त्यात डोकं चालेना. मी जीएसटीची कामं करते, आणि तेव्हा रजिस्टरमधली रक्कम वाचून पोर्टलवर बघेपर्यंत विसरायची, परत मागे, परत विसरले. गणपतीत सगळे जेवायला बसलेले असताना दीर म्हणाले, “वहिनी, कामाचा कंटाळा आलाय म्हणा ना सरळ, मेंदूला कुठे सर्दी होते?”

तर भावजी, २०२२ साली ‘नेचर’मध्ये ब्रिटनचा अभ्यास आलाय. ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन, दोन-दोनदा काढलेले, त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झालेला, बहुतेकांना सौम्यच. वासाशी जोडलेल्या भागांत त्यांची झीज इतरांपेक्षा जास्त निघाली, ०.२ ते २ टक्के. व्हायरस दरवेळी मेंदूत शिरतोच असं नाही, नाकात तो वासाच्या नसांना आधार देणाऱ्या पेशी धरतो, आणि शरीराची जी लढाई चालू होते तिची झळ मेंदूला लागते. फ्लूमध्येही लहान मुलांना क्वचित मेंदूला सूज येते, म्हातारी माणसं तापात असंबद्ध बोलतात. जीबीएस, म्हणजे शरीराची लढाई स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडतात तो आजार, पुण्यात २०२५ ला सगळ्यांना कळला, तो पाण्यातून आलेल्या जंतूमुळे, पण फ्लूनंतरही होऊ शकतो.

वासासाठी मी गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, ईएनटीवाल्यांनीच सांगितलेलं. हळूहळू फोडणी फोडणीसारखी लागायला लागली. डोकं ताळ्यावर यायला त्याहून वेळ लागला.

आईंच्या बाबतीत मात्र सगळं व्हायरसवर ढकलू नका, मी डॉक्टर नाही. बी१२, थायरॉइड, झोप, चालू गोळ्या हे बघून घ्या, आणि एकदम गोंधळल्या, फिट आली किंवा हातपाय लुळे पडले तर इथे विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. माझं बी१२ नॉर्मल होतं, भावजींना खोटं वाटत असेल तर रिपोर्ट फाइलला लावलेला आहे.