वेगळं राहायला लागल्यावर नागरिकत्वाचं काय?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार महिने तू मैत्रिणीकडे राहतेस, घटस्फोटाचा अर्ज अजून कुणीच केलेला नाही, आणि नवरा म्हणतो, "कागदोपत्री आपण नवरा-बायकोच आहोत, तीन वर्षांच्या नियमात अर्ज टाक, इंटरव्ह्यूला मी येतो." तो चांगल्या मनाने म्हणत असेल, पण तू हे करू नकोस.

अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेल्याला ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाचऐवजी तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण त्यासाठी अर्जाच्या आधीची तीन वर्षं दोघांनी एकत्र नांदलेलं असावं लागतं. नुसतं लग्न टिकून असणं पुरत नाही. कोर्टाने लीगल सेपरेशनचा, म्हणजे घटस्फोट न घेता कायद्याने वेगळं होण्याचा, हुकूम दिला असेल तर ही वाट बंदच. टेक्सस किंवा फ्लोरिडासारख्या राज्यांत असा हुकूम मिळतच नाही, त्यामुळे तिथल्या लोकांना वाटतं, हुकूम नाही म्हणजे अडचण नाही. तसं नसतं. आपापलं वेगळं राहायला लागलेल्यांचीही प्रत्येकाची परिस्थिती तपासतात: किती दिवस वेगळे आहात, एकमेकांचा खर्च उचलता का, परत एकत्र यायचा विचार आहे का, मध्ये दुसरं कुणी आलं का. नवरा सैन्यात आहे किंवा नोकरीपायी नाइलाजाने दुसऱ्या शहरात आहे, आणि संसार मात्र शाबूत आहे, अशांचं अडत नाही. तुझं तसं नाही, हे तूच लिहिलंयस.

इंटरव्ह्यू शपथेवर होतो. तू कुठे राहतेस, कुणाबरोबर राहतेस, हे विचारणारच. लीज, गाडीचा विमा, बँकेची स्टेटमेंट्स, सगळ्यांवर पत्ते असतात. आणि समज, हे सगळं निभावलं तरी शपथेवर खोटं बोललीस ही गोष्ट राहतेच. नागरिकत्वासाठी वर्तणूक चांगली असण्याची अट आहे आणि शपथेवरचं खोटं थेट त्या अटीवर येतं. मग पाच वर्षांच्या नियमातला पुढचा अर्जही धोक्यात. खरं सांगून अर्ज केलास तर नामंजूर होईल आणि फी परत मिळणार नाही. तीन वर्षांच्या नियमातला अर्ज मधेच पाच वर्षांच्या नियमात वळवून घेता येईल, या भरवशावरही राहू नकोस. अर्ज भरला त्या दिवशी तुझी पाच वर्षं झालेली नसतील, तर नव्यानेच भरावा लागतो.

आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते. तुझं ग्रीन कार्ड बाहेर काढ. पुढच्या बाजूला 'रेसिडेंट सिन्स'समोर तारीख आहे. पाच वर्षं त्या तारखेपासून मोजतात, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांच्या सशर्त कार्डाचा काळही त्यातच धरतात. तुझी साडेतीन वर्षं झालीत. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या 90 दिवस आधी अर्ज करता येतो, म्हणजे तुला फक्त सव्वा वर्ष थांबायचंय. तेव्हा नवऱ्याबरोबर राहतेस की नाही यावर तुझी पात्रता ठरणार नाही. वेगळं राहिल्याने किंवा घटस्फोटाने दहा वर्षांचं कार्ड आपोआप जात नाही. या पाच वर्षांत निदान 913 दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवीस, शिवाय आईकडे जाशील तेव्हा सलग सहा महिन्यांवर राहू नकोस.

लग्न खरं होतं का, हे पाच वर्षांच्या अर्जातही विचारू शकतात, कारण कार्ड त्याच लग्नावर मिळालंय. म्हणून जॉइंट अकाउंटची स्टेटमेंट्स, जुनं लीज, एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न, फोटो यांच्या प्रती आताच काढून ठेव. रागाच्या भरात काही फेकू नकोस. कडाक्याचं भांडण झालं की पहिल्यांदा हेच कागद हरवतात.

तुझ्या मैत्रिणीचं प्रकरण वेगळं आहे. तिचं कार्ड दोन वर्षांचं, सशर्त आहे. अटी काढण्याच्या आय-751 अर्जावर एरवी दोघांच्या सह्या लागतात. नवरा सही देत नसेल तर तिला सूट मागता येते, पण लग्न मोडलं या कारणावरची सूट नुसतं वेगळं राहून मिळत नाही, घटस्फोटाचा अंतिम हुकूम लागतो. छळ झाला असेल तर त्या कारणावर घटस्फोटाशिवायही मागता येते. तिला सांग, कार्डाची मुदत संपायची वाट न बघता इमिग्रेशनच्या वकिलाला भेट.

आणि तूसुद्धा. तुझ्या पत्रात छळाबद्दल काही नाही, पण धमक्या, मारहाण, पासपोर्ट काढून घेणं असलं काही झालं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांग. छळ झालेल्यांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. त्या आधारावर ज्यांना कार्ड मिळालं, त्यांना तीन वर्षांच्या नियमातही एकत्र नांदण्याची अट नाही. मला सांगायचं की नाही ते तू ठरव.

एक काम मात्र या आठवड्यातच कर. पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं. एआर-11 फॉर्म आहे, ऑनलाइन भरता येतो, फी नाही. चार महिने झालेत, तरी आज भर. भरल्याची पावती प्रिंट करून फाइलला लाव.

तुझी,
मावशी