वाचकांचे प्रश्न : कासव पाण्यात बुडते कसे?

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही कासवांची पिल्ले पाहण्यासाठी सोलापूरहून वेळासला गेलो होतो. किनाऱ्यावर एक मोठी मादी मरून पडली होती. अंगावर जखम नव्हती. ‘जाळ्यात बुडून मेली,’ असे गावकरी म्हणाले. समुद्रात राहणारा प्राणी बुडतो कसा?
– एक शिक्षिका, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : गावकऱ्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. कासवाला कल्ले नसतात; ते फुप्फुसांनी श्वास घेते आणि त्यासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. निवांत असलेले ऑलिव्ह रिडले कासव बराच वेळ पाण्याखाली राहू शकते, पण ट्रॉलरच्या जाळ्यात सापडले की धडपडीत त्याच्या अंगातला प्राणवायू भराभर संपतो आणि तासन्‌तास ओढले जाणारे जाळे तोवर वर येत नाही. जखम न दिसण्याचे कारण हेच.

कोकणात विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि तेव्हा माद्या किनाऱ्यालगत वावरतात. महाराष्ट्रातील मासेमारीबंदी मात्र १ जून ते ३१ जुलै, म्हणजे हंगाम उलटल्यावरची. ओडिशात गहिरमाथा, देवी आणि ऋषिकुल्या येथील विणीच्या किनाऱ्यांलगत १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी बंदी असते.

यावर ‘टेड’ नावाचा उपाय आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात तिरकी जाळी, म्हणजे गजांची चौकट, बसवतात. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते, कासव मात्र गजांना अडून झडपेतून बाहेर पडते. थोडी मासळीही निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. तथापि हे साधन नसल्यामुळेच अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे २०१९पासून थांबवले आहे. हा तोटा कितीतरी मोठा, असे आम्हांस वाटते. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्यास राज्यात २०१८पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईही मिळते.

निपचित कासव मेलेले समजून लगेच पाण्यात टाकण्याची चूक सर्रास होते. बेशुद्ध कासव तसे टाकले तर खरोखरच बुडते. त्याला डेकवर सावलीत, पोटावर ठेवून मागचा भाग वीतभर उंच करावा आणि अंगावर ओले फडके टाकावे, म्हणजे फुप्फुसांतील पाणी निघून ते काही तासांत हालचाल करू लागण्याची शक्यता असते.

उजनीच्या जलाशयातील जाळ्यांतही गोड्या पाण्यातील कासवे अशीच गुदमरू शकतात. तेथे एखादे अडकलेले दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.