वाचकांचे प्रश्न : अ‍ॅपलची जुनी, लाडकी यंत्रं आणि त्यांची दुखणी

मागच्या अंकात आपल्याकडे जपून ठेवलेल्या अ‍ॅपलच्या यंत्रांबद्दल लिहा, असं आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांत १९८६च्या मॅकिंटॉश प्लसपासून २०१२च्या मॅकबुक प्रोपर्यंत बरंच काही आहे. बहुतेकांचं यंत्र ‘गेलं’ आहे, पण पत्रातली लक्षणं वाचली की लक्षात येतं, यंत्र शाबूत आहे. गेलाय तो एखादा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग), सेल किंवा केबल. म्हणून या वेळी मोजकेच प्रश्न घेतले आहेत, पण उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : मॅकिंटॉश एसई/३० बरीच वर्षं माळ्यावर होता. चालू केला की पडद्यावर फक्त आडवे पट्टे दिसतात, आवाज काही येत नाही. फेकून द्यावा का? (पुणे)

मुळीच नको! १९८९ साली आलेला हा मॅक अ‍ॅपलच्या छोट्या काळ्या-पांढऱ्या डब्यांमधला सर्वांत ताकदवान. १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आणि १२८ एमबीपर्यंत रॅम त्या नऊ इंची पडद्यामागे बसते. पट्ट्यांचा अर्थ एवढाच, की वीज पोहोचतेय, पडदा ठणठणीत आहे, पण प्रोसेसर रॉममधला (यंत्र सुरू करणाऱ्या कायमच्या चिपमधला) प्रोग्राम चालवू शकत नाहीये. कारण बहुतेक वेळा एकच असतं : लॉजिक बोर्डवरचे (मुख्य सर्किट बोर्डवरचे) छोटे, गोल, अ‍ॅल्युमिनियमचे कपॅसिटर पाझरतात. आतलं द्रव बोर्डवर पसरतं, तांब्याच्या रेषा खातं आणि नको तिथे वीज वाहू लागते. आवाज गेला तो त्याच कारणाने.

खोलण्यासाठी टॉर्क्स टी१५चा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागेल, साधारण २० सेंटिमीटरचा, कारण चारांपैकी दोन स्क्रू हँडलच्या खोबणीत खोल आहेत. प्लग काढून मग पाठ उचला, ती अगदी सरळ मागे ओढा. पिक्चर ट्यूबची मान आतमध्ये उघडी असते. ती हिसक्याने मोडली तर ट्यूब कायमची गेली.

ट्यूबवर रबरी टोपी दिसेल, तिच्याखाली हजारो व्होल्टचा भार साठलेला असू शकतो. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला वायर बांधून दुसरं टोक लोखंडी सांगाड्याला लावा, एक हात पाठीमागे ठेवा आणि टोक टोपीखाली सरकवून आतल्या धातूला टेकवा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराला हे काम हातचं असतं. धीर होत नसेल तर त्याच्याकडूनच करून घ्या.

लॉजिक बोर्ड बाहेर आला की आधी सेल काढा. तो अर्ध्या एए आकाराचा, ३.६ व्होल्टचा लिथियम सेल. फुटला तर त्यातलं आम्ल बोर्ड आणि सांगाडा दोन्ही गंजवून टाकतं. एसई/३० सेलशिवायही सुरू होतो, फक्त तारीख-वेळ विसरतो.

आता कपॅसिटर. बहुतेक ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे आहेत. ते पकडीने पिळून काढू नका, खालचे तांब्याचे पॅड उखडून येतात. हॉट एअर किंवा दोन्ही बाजूंना दोन सोल्डरिंग आयर्न लावून उचला. तापताना माशासारखा वास आला तर समजा, कपॅसिटर पाझरलेलाच होता. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन बोर्ड घासून पुसा, आणि नवे टँटलम धातूचे कपॅसिटर बसवा. इथे भल्याभल्यांची चूक होते ती दिशेची : जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवरची काळी खूण उणे बाजू दाखवते, तर टँटलमवरची पट्टी अधिक बाजू दाखवते. खुणेवर खूण ठेवून लावलेत तर सगळे उलटे बसतील आणि वीज लागताच जळतील.

एवढं करूनही पट्टे राहिलेच, तर रॉमची पट्टी काढून तिचे संपर्क अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. ती जराशी तिरकी बसली तरी हेच पट्टे दिसतात.

प्रश्न : काकांनी अमेरिकेहून आणलेला मॅकिंटॉश प्लस सापडला. भारतातल्या प्लगला जोडू का? (सांगली)

थेट जोडू नका. अमेरिकेत विकलेला प्लस फक्त तिथल्या ११०-१२० व्होल्टवर चालतो. आपल्या २३० व्होल्टवर त्याचा अ‍ॅनालॉग बोर्ड (वीजपुरवठा आणि पिक्चर ट्यूब सांभाळणारा) क्षणात जाईल. आधी पाठीमागचं लेबल वाचा. २३० ते ११० करणारा, तारांच्या वेटोळ्यांचा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १५० व्हीएचा पुरेसा होतो. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर चालणार नाही, तो विजेची लाट कापून देतो. पाठीमागच्या छोट्या झाकणात सेल असतो, डबा न खोलता तो लगेच काढता येतो. चालू केल्यावर पडद्यावर फक्त एक उभी रेष दिसली तर अ‍ॅनालॉग बोर्डवर ट्यूबकडे जाणाऱ्या कनेक्टरचं सोल्डर तडकलेलं असणार. उष्णतेने वर्षानुवर्षं फुगून-आकसून ते तडकतं. वर सांगितल्याप्रमाणे ट्यूबचा भार उतरवून ते टाके नव्याने मारले की काम होतं.

प्रश्न : आयपॉड टिकटिक आवाज करतो आणि गाणं मधेच थांबतं. हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवता येतं असं ऐकलं. कोणत्या आयपॉडला किती जीबी? (नाशिक)

येतं, पण आधी दोष डिस्कचाच आहे ना, हे पाहा. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. अ‍ॅपलचं चिन्ह दिसताच मधलं आणि मागे जाण्याचं बटण धरा. तपासणीचा मेनू उघडेल. त्यात हार्ड डिस्कच्या भागात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद आहे. ‘रीअ‍ॅलॉक्स’ (बदललेले खराब भाग) आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’चे (संशयित भाग) आकडे मोठे असतील तर डिस्क संपत आली आहे. दोन्ही शून्य असतील तर डिस्कची पट्टीदार केबल सैल असण्याची शक्यता जास्त.

आता मॉडेल ओळखा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. ऑक्टोबर २००५चा पाचव्या पिढीचा आयपॉड प्लॅस्टिकच्या तोंडाचा आहे. बारीक प्लॅस्टिकच्या पट्टीने तो कडेने उघडतो. २००७पासूनच्या ‘आयपॉड क्लासिक’चं तोंड धातूचं आहे आणि क्लिपा चिवट. पाठीची कड वाकल्याशिवाय तो क्वचितच उघडतो. कार्ड बसवायचं तर पाचव्या पिढीचाच घ्या, असं आमचं स्पष्ट मत. जवळच्या क्लासिकवरच करायचं असेल तर एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा : २००७ आणि २००८च्या क्लासिकना १२८ जीबीच्या पुढची जागा दिसत नाही. २००९च्या १६० जीबीवाल्याला ही अडचण नाही.

पाचव्या पिढीत आणखी एक भेद आहे. ३० जीबीच्या मॉडेलमध्ये ३२ एमबी रॅम, तर ६० आणि ८० जीबीच्यात ६४ एमबी. गाण्यांची यादी या रॅममध्ये भरते, म्हणून लहान मॉडेलला अंदाजे २० हजार गाण्यांनंतर दम लागतो आणि तो पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. मोठा अंदाजे ५० हजार पेलतो. नुसतं कार्ड मोठं करून हे सुटत नाही.

खोलताना होल्डचं बटण लावून ठेवा. पाठ उचलली की पुस्तकासारखी हळूच उघडा. बॅटरीची आणि हेडफोनची अशा दोन पट्ट्या पाठीला धरून असतात, झटका दिलात तर फाटल्याच. बॅटरीच्या कनेक्टरची तपकिरी कड नखाने वर करा, पट्टी आपोआप सुटते. बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोकदार काही लावू नका. डिस्क गेल्यामुळे आत जागा होते, त्यात जाड बॅटरी बसते.

बाजारात नकली कार्डं फार आहेत. २५६ जीबी लिहिलेलं, आत ३२. पॅक करण्याआधी विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा मॅकवर ‘एफ३’ने कार्ड पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण नंतर अर्धी गाणी मुकी होण्यापेक्षा बरं.

प्रश्न : २०१२च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये नवी एसएसडी टाकली. काही दिवस चालली, आता प्रश्नचिन्हाचं फोल्डर येतं. एसएसडी खराब निघाली का? (ठाणे)

बहुधा नाही. ती काढून यूएसबी केसमध्ये घाला, ऑप्शन कळ दाबून धरत मॅक चालू करा आणि तिथून सुरू होतो का बघा. झाला, तर दोषी डिस्कला जोडणारी चपटी सपाट केबल. या मॉडेलचा हा ठरलेला आजार आहे. केबल अ‍ॅल्युमिनियमच्या तळावर घासते आणि आतल्या बारीक तारा तुटतात. जुनी हार्ड डिस्क हळू असल्याने दोष लपून राहतो. वेगवान एसएसडी लावली की उघडा पडतो. लोक बिचाऱ्या एसएसडीवर राग काढतात.

तळाचे १० स्क्रू फिलिप्स ००चे : ३ लांब, ७ आखूड. कागदावर मॅकचं चित्र काढून जागच्या जागी चिकटपट्टीने लावा. पहिलं काम, बॅटरीचा कनेक्टर सरळ वर उचलून वेगळा करा. डिस्कच्या कडेचे चार स्क्रू टॉर्क्स टी६ आहेत, ते नव्या डिस्कला लावायचे. केबल मागवताना ‘मिड २०१२’, ए१२७८ असं नीट सांगा, कारण आधीच्या वर्षांची वेगळी आहे. नवी बसवण्याआधी तिच्याखाली येणाऱ्या तळावर कॅप्टॉन टेपचा (पातळ, वीजरोधक चिकटपट्टीचा) एक थर द्या आणि वळणावर केबलला कडक घडी पाडू नका.

उघडलाच आहे तर रॅमही बदला. अ‍ॅपलने ८ जीबी सांगितली असली तरी ८-८च्या दोन डीडीआर३ १६०० पट्ट्या व्यवस्थित चालतात. अधिकृत शेवटची प्रणाली कॅटलिना.

प्रश्न : वडिलांचं डीटीपीचं काम मॅकच्या फ्लॉपींवर आहे. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह त्या वाचत नाही. (कोल्हापूर)

फ्लॉपीवर दोन भोकं आहेत का बघा. दोन असतील तर ती १.४४ एमबीची. यूएसबी ड्राइव्ह ती वाचतो, पण मोजावे किंवा त्याआधीची प्रणाली असलेला मॅक लागेल. कॅटलिनापासून अ‍ॅपलने जुनी एचएफएस (डिस्कवर फाइली मांडण्याची मॅकची पद्धत) वाचणंच बंद केलं. एकच भोक असेल तर ती ४०० किंवा ८०० केबीची. मॅकचा ड्राइव्ह आत-बाहेरच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या वेगाने फिरवून लिहायचा, त्यामुळे यूएसबी ड्राइव्ह ती कधीच वाचणार नाही. चुंबकीय खुणा कच्च्या स्वरूपात उतरवणारं ग्रीझवीझल हे छोटं बोर्ड आणि साधा पीसीचा ड्राइव्ह घेऊन त्या वाचता येतात. आधी कोपऱ्यातली लिहिण्याची खिडकी उघडी करून फ्लॉपी सुरक्षित करा, मग हात लावा.

मिळालेल्या फाइली सुट्या पेन ड्राइव्हवर टाकू नका. जुन्या मॅक फाइलचे दोन भाग असतात आणि फॉन्टचा सगळा जीव दुसऱ्या भागात, ज्याला रिसोर्स फोर्क म्हणतात. सुटी फाइल विंडोजच्या डिस्कवरून फिरली की तो भाग गळतो आणि फॉन्ट शून्य केबीचा होतो. पूर्ण फ्लॉपीची इमेजच जपा. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. म्हणून फॉन्ट नसताना मजकूर इंग्रजी कचऱ्यासारखा दिसतो. तो खराब झालेला नाही. फॉन्टचं नाव कळलं की त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येतो. रफार आणि ऱ्हस्व इकार मात्र हाताने तपासावे लागतात.

प्रश्न : संग्रहासाठी अ‍ॅपलची तीनच यंत्रं ठेवायची तर कोणती? (पणजी)

एसई/३०, पाचव्या पिढीचा ८० जीबीचा आयपॉड आणि २०१२चा मॅकबुक प्रो. २०००चा पारदर्शक आवरणातला पॉवर मॅक जी४ क्यूब दिसायला अप्रतिम आहे, पण त्याला पंखा नाही, आणि दुरुस्तीला सोपा म्हणता येणार नाही. ही तिन्ही घरच्या टेबलावर खोलता येतात, भाग अजून मिळतात. एसई/३० पार्सलने मागवत असाल तर पाठवणाऱ्याला आधीच सांगा : सेल काढून ठेवायचा आणि ट्यूबची काच खाली येईल असा, पडदा जमिनीकडे करून डबा भरायचा.