दाढ बधिर करताना : बीपी, धडधड आणि न लागणारी भूल

प्रश्न : वय ६२, वजन ६० किलो. बीपीची गोळी रोज घेतो, बीपी १४०/८० च्या आसपास असतं. खालची दाढ काढायची आहे. अ‍ॅड्रेनलिन असलेलं इंजेक्शन बीपीवाल्यांना चालत नाही, साधंच घ्या, असं घरचे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : तुमचं बीपी आटोक्यात आहे, त्यामुळे साध्या इंजेक्शनचा हट्ट धरू नका. लिग्नोकेन हे भुलेचं औषध स्वतः रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून टोचलेल्या जागेवरून ते लगेच रक्तात वाहून जातं. २ टक्के साध्या लिग्नोकेनने दाताची नस जेमतेम ५ ते १० मिनिटं बधिर राहते. त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळलं की वाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं आणि तासभर काम करता येतं. रक्तस्रावही कमी होतो. भूल अर्ध्यावर उतरली तर वेदनेने आणि भीतीने शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनलिन सोडतं, आणि त्याला कुणी मोजमाप लावलेलं नसतं.

आता हिशेब पाहा. अ‍ॅड्रेनलिनचं प्रमाण १:८०,००० म्हणजे दर मिलिलिटरला १२.५ मायक्रोग्रॅम, १:१,००,००० म्हणजे १०, तर १:२,००,००० म्हणजे ५. निरोगी प्रौढाला एका बैठकीत २०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. हृदयविकार असलेल्याला ४० पर्यंतच ठेवतात. खालच्या दाढेच्या ब्लॉकला, म्हणजे जबड्याची मुख्य नसच बधिर करणाऱ्या इंजेक्शनला, साधारण २ मिलि लागतं, म्हणजे १:८०,००० वापरलं तरी २५. लिग्नोकेनची मर्यादाही सांभाळलीच जाते : किलोमागे ४.४ मिग्रॅ धरले तर तुम्हाला २६४ मिग्रॅ, आणि २ मिलिमध्ये असतात फक्त ४०.

मात्र गोळीचं नाव डॉक्टरांना जरूर सांगा. ती प्रोप्रानोलॉल असेल तर अ‍ॅड्रेनलिनने बीपी एकदम चढून नाडी मंदावू शकते. अशा वेळी मात्रा फार कमी ठेवतात किंवा ३ टक्के साधं मेपिव्हाकेन (भुलेचंच दुसरं औषध) वापरतात. आणि त्या दिवशी बीपी १८०/११० किंवा त्याहून वर निघालं, तर दाढ काढणं पुढे ढकला.

प्रश्न : ठणकणाऱ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल होतं. दोनदा इंजेक्शन दिलं, ओठ पूर्ण बधिर झाला, तरी ड्रिल लागताच जीव गेला. औषध जुनं होतं का?

उत्तर : औषध जुनं असतं तर ओठ बधिर झाला नसता. ब्लॉक योग्य जागी बसला होता. दाताच्या आतली नस ऐकत नव्हती. सुजलेल्या भागात आम्लता वाढते म्हणून भूल लागत नाही, असं नेहमी सांगतात. सुजेतच टोचलं तर ते अगदी खरं आहे. लिग्नोकेनचा जो विद्युतभार नसलेला अंश नसेच्या आवरणातून आत शिरतो, तो पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ७.४ ला सुमारे २५ टक्के असतो आणि ६.४ ला ३ टक्क्यांवर येतो. पण खालच्या दाढेचा ब्लॉक सुजेपासून बराच लांब, जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. तिथे एवढ्याने उत्तर मिळत नाही. दाहामुळे नसच अतिसंवेदनशील होते आणि नेहमीची मात्रा तिला पुरत नाही, हे कारण मोठं.

म्हणून तोच ब्लॉक पुन्हापुन्हा देण्यापेक्षा जागा बदलणं बरं : गालाच्या बाजूने हिरडीत ४ टक्के आर्टिकेन (हेही भुलेचंच औषध), किंवा दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत दर मुळाला ०.२ मिलि. दात उघडल्यावरही दुखलं तर थेट नसेतच टोचतात. क्षणभर जोरात कळ येते, मग शांत होतं. पुढच्या वेळी ड्रिलआधी थंड स्प्रेचा बोळा दाताला लावून पाहायला सांगा. गार जाणवलं तर थांबायचं. ओठावर विसंबू नये.

प्रश्न : इंजेक्शन देताच छातीत धडधड झाली, हात थरथरले. तेव्हापासून मी ‘भुलेची अ‍ॅलर्जी’ असं सांगते. बरोबर आहे ना?

उत्तर : बहुधा नाही. अ‍ॅड्रेनलिन भराभर दिलं किंवा थेट रक्तवाहिनीत गेलं की हेच होतं, आणि काही मिनिटांत ओसरतं. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं आणि मिनिटाला १ मिलि या गतीने औषध सोडायचं, हा त्यावरचा उपाय. खऱ्या अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासात घरघर येते. तसं झालं असेल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी अतिशय विरळा. कधीकधी दोषी असतं ते अ‍ॅड्रेनलिन टिकवायला घातलेलं सल्फाइट, आणि साध्या इंजेक्शनमध्ये ते नसतं. चुकीचा शिक्का बसला की पुढे प्रत्येक वेळी अपुऱ्या भुलेवर काम होतं, म्हणून याचा छडा लावाच.

प्रश्न : दात काढून आल्यावर सहा वर्षांच्या मुलाने खालचा ओठ चावून ठेवला. आता पांढरा थर आलाय. पू आहे का?

उत्तर : पू नव्हे, भरत आलेल्या जखमेवरचा तो थर, खरवडू नका. सूज किंवा ताप वाढला तर मात्र दाखवा. ओठ ३ ते ५ तास बधिर राहतो. पुढच्या वेळी तेवढा वेळ चावायचं आणि गरम काही देऊ नका आणि मुलावर लक्ष ठेवा.