ब्रेक दाबला की डावा दिवा विझतो

प्रश्न : वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. दिवाळीआधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, तेव्हापासून मागच्या डाव्या दिव्यानं छळ मांडलाय. पार्किंग लावलं की पेटतो, जरा मंदच. ब्रेक दाबला की जवळजवळ विझतो आणि पुढचा डावा इंडिकेटर उगाच मिणमिणतो. उजवी बाजू ठणठणीत. मिस्त्रींनी आधी बल्ब बदलले, मग फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी). आता म्हणतात सगळं वायरिंग नवीन टाकू. टाकावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, थांबा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, ‘पेंटिंग करून घेतलं’ या शब्दांत.

या गाडीत मागच्या बल्बला जाणारी वायर असते, परतीची नसते. परतीचं काम पत्रा करतो. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला बांधलेली, बल्बचं पितळी बूड होल्डरमध्ये, होल्डर दिव्याच्या घरात आणि ते घर स्क्रूनं बॉडीला टेकलेलं. पेंटरनं दिवा उतरवला, स्क्रूच्या भोकापर्यंत छान रंग मारला आणि दिवा परत बसवला. रंगातून वीज जात नाही. अर्थिंग गेलं.

मग ब्रेकची वीज चोरवाट शोधते. मागच्या बल्बच्या काचेत दोन तारा (फिलामेंट) असतात, ब्रेकची आणि पार्किंगची. वीज ब्रेकच्या २१ वॅटच्या तारेतून बुडापर्यंत येते, तिथून त्याच घरातल्या मागच्या इंडिकेटरच्या तारेत उलटी शिरते आणि त्याच वायरनं पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाऊन तिथं बॉडीला मिळते. म्हणून पुढचा मिणमिणतो. आता पार्किंगच्या ५ वॅटच्या तारेचं बघा : तिच्या एका टोकाला बॅटरीचे बारा व्होल्ट असतातच, ब्रेक दाबला की दुसऱ्या टोकालाही सातआठ व्होल्ट येऊन बसतात. दोन्ही टोकांत फरक जेमतेम चार-पाच व्होल्टचाच उरला, तर तार उजळणार कशी? बल्ब नवा असो की जुना, हे असंच होणार.

मिस्त्रींना फार बोलू नका. १९९१ मध्ये मी स्वतः एका टॅक्सीवर याच दुखण्यासाठी दीड दिवस घालवलाय, तीन बल्ब आणि एक फ्लॅशर बदलून. शेवटी मालकानं वैतागून दिव्यावर थाप मारली आणि सगळं लखलखलं. त्या दिवसापासून माझ्या पेटीत सगळ्यांत वर चार मीटर काळी वायर असते, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप.

तुम्हीही तेच करा. एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डाव्या होल्डरच्या पितळेला. घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा. सगळं सुरळीत पेटलं, तर वायरिंगचा खर्च वाचला. व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर त्याचं एक टोक पितळेला आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावून ब्रेक दाबा. शून्याच्या आसपास दिसायला हवं, तुमच्याकडे बरेच व्होल्ट दिसतील.

दुरुस्तीसाठी नवा रंग खरवडून हळहळत बसू नका. एकाच स्क्रूखाली, वॉशर टेकतो तेवढीच जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, स्क्रू आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा, म्हणजे गंज धरणार नाही. मी तर होल्डरपासून डिक्कीतल्या एखाद्या बोल्टपर्यंत वेगळी काळी वायरच टाकतो. पुढच्या वेळी कुणी रंग मारला तरी चिंता नको. होल्डरच्या आत हिरवट बुरशी दिसली तर तीही घासून काढा. आणि हो, दोन तारांच्या बल्बच्या पिना वर-खाली असतात, तो एकाच बाजूनं बसतो. उलटा दाबून बसवलेले मी पाहिलेत.

उजव्या दिव्याचाही तोच स्क्रू त्याच दिवशी बघून घ्या. पेंटर एकच होता ना?

प्रश्न : ॲम्बॅसेडरचे हेडलाइट पिवळट पडतात. बॅटरी नवी आहे. जास्त वॅटचे बल्ब टाकू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नको, स्विच जळेल. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर व्होल्ट मोजा. दोन्हींत एक-दीड व्होल्टचा फरक आला तर जुना स्विच आणि बारीक वायर उजेड खातायत. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले (स्विचच्या थोड्या विजेवर बल्बची जास्त वीज चालू-बंद करणारी डबी) बसवा. रिलेच्या पिनांवर नंबर असतात : ३० नंबरला बॅटरीतून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुनी हेडलाइटची वायर, ८५ बॉडीला. आणि ती ८५ ची वायर उघड्या पत्र्यालाच आवळा, रंगावर नाही.