दाब आणि प्रतिबल दोन्ही पास्कलमध्येच मोजतात, मग दोन वेगळे शब्द कशाला?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा की सूत्र एकच (बल भागिले क्षेत्रफळ) आणि एककही एकच (पास्कल, म्हणजे एका चौरस मीटरवर एक न्यूटन), तरी पुस्तक कधी ‘दाब’ म्हणतं, कधी ‘प्रतिबल’, असं का? दुसरा, टेबलावर पुस्तक ठेवलं की टेबल ‘विकृत’ होतं म्हणतात, ते खरंच होतं की नुसतं म्हणायचं?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, म्हणजे पहिला सोपा जाईल.

टेबल खरंच बदलतं. एक किलोचं पुस्तक म्हणजे साधारण १० न्यूटन बल. टेबलाला चार लाकडी पाय आहेत, प्रत्येक ४ सेंटिमीटर बाय ४ सेंटिमीटर जाडीचा आणि ७० सेंटिमीटर उंच, असं धरा. हिशेब केला तर पाय सुमारे ०.०००१ मिलिमीटरने आखूड होतात. केसाच्या जाडीच्या कित्येकशे पट कमी. डोळ्याला दिसणं शक्यच नाही, पण हे आखडणं झालं नसतं तर पुस्तकाला कोणी तोललंच नसतं. पुस्तकाला नेमकं १० न्यूटननेच वर ढकलायचं, ना कमी ना जास्त, हे टेबलाला कळतं कसं? कळत काहीच नाही. आतले अणू एकमेकांच्या थोडे जवळ सरकतात, जितके जवळ येतात तितके एकमेकांना जास्त दूर ढकलतात, आणि परतीचं बल १० न्यूटन झालं की सरकणं थांबतं. या आतल्या बलाला क्षेत्रफळाने भागलं की प्रतिबल. लांबीतला बदल भागिले मूळ लांबी म्हणजे विकृती. (हा पारिभाषिक शब्द ज्याने निवडला त्याला हात जोडावेसे वाटतात. वर्गात ‘तारेत विकृती निर्माण झाली’ म्हटलं की मागच्या बाकावर हमखास हसू फुटतं.)

प्रतिबल आणि विकृती एकमेकांच्या प्रमाणात असतात हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७६ साली जाहीर केलं, पण कसं, तर लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णानुक्रमे लावून, कोणाला वाचता येणार नाही अशी. श्रेय आपलं राहावं आणि युक्ती फुटूही नये! उलगडा त्याने १६७८ मध्ये केला: ‘जसं ताणणं, तसं बल’. पोलादासाठी हे प्रमाण (प्रतिबल भागिले विकृती), म्हणजे यंगचा गुणांक, सुमारे २०० गिगापास्कल (२०० अब्ज पास्कल) आहे. म्हणजे किती? १ चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब पोलादी तार टांगा आणि तिला १० किलोचं वजन लावा. तार जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते. वजन काढलं की पुन्हा होती तेवढी.

वजन वाढवत गेलात तर मात्र एका टप्प्यावर ती मूळपदावर येत नाही. माझं काम धातूंच्या चाचण्यांचं, त्यामुळे हा क्षण मी रोज पाहतो. साध्या पोलादाचा नमुना यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढायला लागलं की आधी बराच वेळ काहीच दिसत नाही, नुसता आकडा चढतो. मग साधारण २५० मेगापास्कलच्या (२५ कोटी पास्कलच्या) आसपास चढता आकडा अडखळतो, किंचित खालीही येतो, आणि नमुन्यावर काळपट खपली असेल तर ती तिरप्या रेषांमध्ये सुटून खाली पडू लागते. तोवर नमुना मीटरला जेमतेम सव्वा मिलिमीटर या दराने लांबलेला असतो. तुटेपर्यंत मात्र तो वीस-पंचवीस टक्के लांबतो, मध्येच एका जागी बारीक होतो आणि ठो करून तुटतो. या खपलीच्या रेषा तिरप्या का, हा प्रश्न लक्षात ठेवा. त्यावरच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर उभं आहे.

घरी करायचं असेल तर कागदाला लावायची तारेची क्लिप घ्या. हलकी वाकवून सोडा, परत जागेवर येते. जोर लावून वाकवा, तशीच राहते. आता ती सरळ करून बघा: जुना बाक नीट जात नाही, त्याच्या शेजारी नवा बाक पडतो. जिथे वाकली तिथे धातू कडक झाला म्हणून. स्फटिकात अणूंच्या थरांमध्ये काही ठिकाणी रांग चुकलेली असते, आणि ही चूक सरकत गेली की थर एकमेकांवरून घसरतात. कार्पेट अख्खं ओढण्यापेक्षा त्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेणं सोपं, तसंच. वाकवताना अशा चुका इतक्या वाढतात की त्या एकमेकींच्या वाटेत येतात, आणि पुढचं घसरणं अवघड होतं.

मुद्दा असा की धातू कायमचा बदलतो तो थर घसरल्यामुळे. नुसते अणू जवळ आले किंवा लांब गेले म्हणून नाही.

आता दाब. ड्रॉइंग पिन अंगठ्याने २० न्यूटन जोर लावून दाबली, डोकं १ चौरस सेंटिमीटरचं, तर अंगठ्यावर दाब २ लाख पास्कल, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या (१,०१,३२५ पास्कल) सुमारे दुप्पट. टोक ०.०५ चौरस मिलिमीटरचं असेल तर तिथे ४० कोटी. बल तेच, जागा दोन हजार पट कमी. हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे इथे थांबत नाही.

फरक कळायला पाण्याकडे बघा. स्थिर पाण्याला थर घसरवणारं बल सहनच होत नाही, ते लगेच वाहायला लागतं. म्हणून स्थिर पाण्यात एखाद्या जागी तुम्ही पातळ पत्रा आडवा धरा, उभा धरा, तिरपा धरा, त्यावर येणारा दाब तेवढाच आणि नेहमी पत्र्याला काटकोनात. एक आकडा सांगितला की काम झालं. घन पदार्थात तसं नाही. ओढलेली सळई मनातल्या मनात आडवी कापा: त्या कापावर पूर्ण ताण. तीच लांबीच्या दिशेने उभी कापा: काहीच नाही. आणि ४५ अंशांत तिरपी कापली तर अर्धा ताण कापाला काटकोनात, आणि तेवढंच बल कापाच्या पृष्ठाला समांतर, थर घसरवू पाहणारं. सळई तीच, बिंदू तोच, पण उत्तर तुम्ही कुठून कापता यावर ठरतं. म्हणून प्रतिबलाला एक आकडा पुरत नाही, एका बिंदूसाठी सहा लागतात. ही मांडणी फ्रेंच गणिती कोशी याने १८२२ मध्ये केली. सहाही आकडे असे असतील की कुठूनही कापा, उत्तर एकच आणि घसरवणारं बल शून्य, तर त्या खास प्रतिबलाचं नाव दाब. म्हणजे दाब हे प्रतिबलच आहे, फक्त त्यातलं सगळ्यात साधं.

आणि खपलीच्या रेषा तिरप्या का, ते आता दिसेल. घसरवणारं बल सर्वांत जास्त असतं ते ४५ अंशांच्या आसपास.

याचा परिणाम खोल समुद्रात चांगला कळतो. मारियाना गर्ता ही समुद्रातली सर्वांत खोल जागा, तिच्या तळाशी दाब सुमारे ११० मेगापास्कल. तिथे १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव पोलादी गोळा सोडला तर तो ०.०२ मिलिमीटरच्या आसपास आकसेल, बस. दाब दहापट केला तरी तो चेपणार नाही, कारण चहूबाजूंनी सारखं दाबल्यावर थर घसरवायला काही उरतच नाही. पोकळ गोळ्याचं तसं नाही: आत साधी हवा, बाहेर समुद्र. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानातून त्या तळाशी उतरले, तेव्हा ते बसले होते त्या पोलादी गोळ्याची भिंत १२.७ सेंटिमीटर जाड होती. तरीही भिंतीतलं प्रतिबल बाहेरच्या दाबाच्या सुमारे चौपट येतं. पाण्याचा दाब तेवढाच, पण भिंतीच्या आत तो दाब राहत नाही, दिशा असलेलं प्रतिबल होतो. एकक एक असूनही दोन शब्द लागतात ते अशा ठिकाणी.

एवढ्यानेही पटलं नाही तर फळ्यावर लिहायचे दोन लांब खडू घ्या. एक सरळ ओढून तोडा. तुकडा सपाट निघेल, खडूला आडवा. (हे जरा अवघड आहे, खडू हातातून निसटतो.) दुसरा दोन्ही हातांनी न वाकवता हळूहळू पिळा. तो मळसूत्रासारखा तिरपा तुटेल, ४५ अंशांत. तुम्ही त्याला ओढलं नव्हतं, फक्त पिळलं होतं, पण पिळताना त्या तिरप्या दिशेने आत ताण तयार झाला, आणि खडूला ताणच सोसत नाही. उलट मऊ पोलादाची सळई पिळून तोडली तर ती आडवी, जवळपास सपाट तुटते, कारण ती तुटते घसरून.